सातव्या घरातला चंद्र

ज्याच्या हातात आज मोबाइल आहे, त्याला एक्स्पोजर हा शब्द माहीत असण्याची गरज उरलेली नाही. पडद्यावर बोट टेकवलं की फोटो निघतो, आणि बहुधा चांगलाच निघतो. उजेड किती आत घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, हा हिशेब यंत्रानं केव्हाच आपल्या डोक्यावर घेतला आहे. आमच्या पिढीचं तसं नव्हतं. आगफाच्या क्लिक-थ्री कॅमेऱ्यात रोल भरला की बारा फोटो, तेराव्याची सोय नाही. त्यामुळे बारशापासून सहलीपर्यंत प्रत्येक फोटोआधी घरातले सगळे आकाशाकडे बघायचे. फिल्मच्या खोक्यात एक चिटोरं असायचं. लख्ख ऊन असेल तर अमुक, ढगाळ असेल तर तमुक. त्या चिटोऱ्यावर घरातल्या कर्त्या माणसाचा पोथीइतका विश्वास असे.

पुढे बँकेत नोकरीला लागलो, तेव्हा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. नाव ‘द निगेटिव्ह’, लेखक अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. आत कोष्टकं, आलेख, रसायनांची मापं. दिवसभर लेजरात डोकं घालणाऱ्या माणसाला आकड्यांचं भय नसतं. मी ते घरी नेलं आणि कादंबरी वाचावी तसं वाचलं. कारण त्या कोष्टकांच्या मागे एक माणूस उभा होता. उजेड म्हणजे देवानं दिलेलं दान, पदरात पडेल ते पवित्र मानून घ्यावं, हे त्याला मान्य नव्हतं. उजेड मोजता येतो, आणि मोजल्यानंतर त्याचं काय करायचं हे माणसाला ठरवता येतं, असं तो म्हणत होता. पुढच्या आयुष्यात त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. आज त्याची गोष्ट सांगायची आहे.

अ‍ॅन्सेल जन्मला २० फेब्रुवारी १९०२ रोजी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को इथे. आजोबांचा लाकडाचा मोठा व्यापार होता. समुद्राच्या बाजूला वाळूच्या टेकड्यांवर वडिलांनी बांधलेलं घर होतं. पोरगा चार वर्षांचा असताना, १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे त्या शहराला प्रसिद्ध भूकंपाचा तडाखा बसला. मुख्य धक्क्यातून हे कुटुंब बचावलं. पण काही तासांनी आलेल्या दुसऱ्या एका धक्क्यानं अंगणात खेळणारं हे पोर भिंतीवर आपटलं आणि नाक मोडलं. ते नाक जन्मभर वाकडंच राहिलं. पुढे दाढी वाढवलेल्या, मोठी हॅट घातलेल्या या माणसाच्या प्रत्येक फोटोत ते दिसतं.

भूकंपानंतर दुसरा धक्का पैशाचा. १९०७ च्या मंदीत आजोबांचा व्यापार ढासळला आणि वडील, चार्ल्स अ‍ॅडम्स, उरलेलं आयुष्य ते कर्ज फेडत, मोडलेलं सावरत राहिले. बँकेत असताना अशी घरं मी पाहिली आहेत. वडिलांच्या कपाळावरची आठी मुलांच्या वाट्याला येते आणि घर हळूहळू आवाज हरवून बसतं. चार्ल्स अ‍ॅडम्सनं मात्र ती आठी मुलापर्यंत जाऊ दिली नाही, हे मला त्या माणसाचं मोठेपण वाटतं. अ‍ॅन्सेल विलक्षण चुळबुळ्या होता, वर्गात टिकत नसे, शाळा बदलून पाहिल्या तरी जमेना. वडिलांनी बाराव्या वर्षी त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रचंड आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. त्याचा वर्षभराचा पास वडिलांनी मुलाच्या हातात दिला. हीच तुझी यंदाची शाळा! असा बाप आपल्याकडे आजही शोधावा लागेल.

त्याच सुमारास पोरगा आपणहून पियानो शिकायला लागला. स्वरलिपी स्वतःच वाचायला शिकला, मग शिक्षक मिळाले. ते करड्या शिस्तीचे होते. एकेक स्वर स्वच्छ लागेपर्यंत पुढे जायचं नाही. या चुळबुळ्या मुलाला बसायला शिकवलं ते पियानोनं. आपण गायकीच्या तालमीचं जे सांगतो, तेच. महिनोन् महिने एकच पलटा घोटायचा. आपण मैफलीचे पियानोवादक होणार, हे त्यानं आणि घरच्यांनी जवळजवळ धरूनच चाललं होतं.

१९१६ च्या उन्हाळ्यात त्याच्या हट्टापायी कुटुंब यॉसेमिटीला गेलं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातली ही दरी. दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटर उंच, सरळसोट ग्रॅनाइटचे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. तिथे आईवडिलांनी त्याला कोडॅकचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. चौदा वर्षांचं वय, समोर तो देखावा आणि हातात एक काळा खोका. त्यानंतर तो आयुष्यात प्रत्येक वर्षी यॉसेमिटीला गेला.

ब्राउनी म्हणजे आपल्या क्लिक-थ्रीचा थोरला चुलता. त्यात ठरवण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. उन्हात उभं राहायचं आणि खटका दाबायचा. इथे एक्स्पोजर म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचा मार्ग सोपा होईल. नळाखाली हंडा ठेवला आहे असं समजा. हंडा भरणं दोन गोष्टींवर ठरतं, तोटी किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली. कॅमेऱ्यात भिंगामागचं छिद्र ही तोटी आणि शटर हा वेळ. छिद्र लहान केलं तर वेळ वाढवायचा, वेळ कमी केला तर छिद्र मोठं करायचं. हंडा फिल्मचा. कमी भरला तर फोटो काळवंडतो, ओसंडला तर पांढराफटक पडतो. छिद्राला आकडे असतात, आठ, अकरा, सोळा, बावीस, बत्तीस. गंमत अशी की आकडा मोठा तितकं छिद्र लहान, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पोरानं सॅन फ्रान्सिस्कोत फोटो धुऊन देणाऱ्या एका माणसाकडे उमेदवारी केली. उन्हाळ्यात यॉसेमिटीत, हिवाळ्यात पियानोवर, असं बरीच वर्षं चाललं. १९२० पासून चार उन्हाळे तो तिथे सिएरा क्लब या गिर्यारोहकांच्या आणि निसर्गप्रेमींच्या संस्थेच्या वास्तूची देखभाल करत होता. दरीत पियानो कुठला? तो एका चित्रकाराच्या दुकानवजा स्टुडिओत होता. चित्रकाराचं नाव हॅरी बेस्ट आणि त्यांच्या मुलीचं व्हर्जिनिया. रियाजाच्या निमित्तानं ओळख वाढली. पुढचं वाचकांनी ओळखलं असेलच. लग्नाला मात्र १९२८ साल उजाडावं लागलं.

त्याआधी, १० एप्रिल १९२७ रोजी, एक गोष्ट घडली. यॉसेमिटीत हाफ डोम नावाचा एक पहाड आहे. घुमट मधोमध कापून अर्धा फेकून द्यावा, तसा. त्याचा कापलेला उभा चेहरा समोरून दिसेल अशा एका कड्यावर अ‍ॅडम्स त्या दिवशी चढला. बर्फ होता. बरोबर व्हर्जिनिया आणि तीन मित्र होते. पाठीवर मोठा कॅमेरा, लाकडी तिकाटणं आणि काचेच्या बारा प्लेटा. फिल्म नव्हे, काच. एक प्लेट म्हणजे एक फोटो. वाटेत मोह होत गेला, काही प्लेटा वाया गेल्या, आणि कड्यावर पोचेपर्यंत उरल्या दोन.

दुपारी ऊन सरकत सरकत त्या पाषाणाच्या चेहऱ्यावर आलं. त्यानं भिंगावर पिवळी काच लावून पहिली प्लेट वापरली. हिशेब चोख होता. फोटो चांगलाच येणार होता. पण प्लेट आत सरकवतानाच त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हा फोटो नकोच आहे. त्यात आकाश फिकट येईल, पहाड पहाडासारखा दिसेल. आपल्याला तर त्या पहाडापुढे उभं राहून छातीत जे काही होतंय ते हवं आहे. त्या भव्यतेचा धाक हवा आहे. मग त्यानं गडद लाल काच काढली. लाल काच निळ्या आकाशाचा उजेड अडवते, आकाश जवळजवळ काळं करते. पण ती एकूण उजेडही इतका खाते की एक्स्पोजर सोळापट वाढवावं लागतं. त्यानं छिद्र बावीसवर ठेवलं आणि पाच सेकंद उजेड आत घेतला. शेवटची प्लेट. चुकली असती तर दुसरी नव्हती.

ती चुकली नाही. काळ्या आकाशाखाली उजळलेला तो कडा आज फोटोग्राफीच्या प्रत्येक इतिहासात भेटतो. मला त्यात जास्त मोलाची वाटते ती दोन प्लेटांमधली काही मिनिटं. पहिल्या प्लेटीत त्यानं समोर आहे तो उजेड मोजला. दुसरीत आधी डोळ्यांपुढे तयार फोटो पाहिला आणि मग तिथवर पोचायला किती उजेड लागेल ते मोजलं. आधी उत्तर, मग गणित. पंचविसाव्या वर्षी हे कळलं आणि उरलेलं आयुष्य त्यानं हे पुन्हा पुन्हा हुकमानं कसं साधावं याच्या शोधात घालवलं. एकदा साधलं ते दैव, रोज साधलं तर विद्या.

पण पियानो? तो सुटला १९३० साली. न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावी त्याला पॉल स्ट्रँड हा त्याच्याहून वयानं आणि कर्तबगारीनं मोठा छायाचित्रकार भेटला. स्ट्रँडजवळ दाखवायला फोटो नव्हते, निगेटिव्ह होत्या. त्या उन्हाला धरून अ‍ॅडम्सनं पाहिल्या आणि परत आला तो निर्णय घेऊनच. आई आणि मावशी दोघींनी विनवलं, पियानो सोडू नकोस, कॅमेऱ्याला कुठलं आलंय काळीज! दोघींचं चुकलं असं म्हणता येणार नाही. लग्न झालेलं, १९२९ ची मंदी कोसळलेली, आणि मुलगा म्हणतोय मी डोंगरांचे फोटो काढणार. त्या दिवसांत एखादा तरुण असा बेत घेऊन कर्ज मागायला माझ्या टेबलासमोर बसला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यानं पोटासाठी पडेल ते काम केलं. जाहिराती, माहितीपत्रकं, कंपन्यांची कामं. यॉसेमिटीतलं दुकान व्हर्जिनियाकडे आलं. ते चालत होतं म्हणून घर चालत होतं, हे विसरून चालणार नाही. मुलं वाढली तीही मुख्यतः तिच्याच नजरेखाली. कलावंताच्या चरित्रात या ओळी नेहमी तळटीपेत असतात. मी त्या वर घेतल्या, इतकंच. १९३२ साली एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मित्रांबरोबर त्यानं एक गट काढला आणि त्याला नाव दिलं ‘एफ-६४’. म्हणजे भिंगामागच्या छिद्राचा तो बारीकसा आकडा, ज्यावर जवळचा खडा आणि दूरचा डोंगर सारखेच रेखीव येतात. तेव्हा धूसर, मऊ, चित्रासारखे फोटो काढण्याची रीत होती. या मंडळींना ती फसवणूक वाटे. १९३७ साली यॉसेमिटीतल्या त्याच्या डार्करूमला आग लागली आणि कित्येक निगेटिव्ह जळाल्या. हाफ डोमची ती काच वाचली.

आता त्या मोजणीच्या विद्येकडे येतो. तिसाव्या दशकात उजेड मोजणारे विजेचे मीटर बाजारात आले. त्यांतला नावाजलेला मीटर वेस्टन कंपनीचा. हा वेस्टन वेगळा, अ‍ॅडम्सचा मित्र वेगळा. दोघांचंही नाव एडवर्ड, नातं काही नाही. मीटर आला म्हणजे प्रश्न मिटला, असं लोकांना वाटलं. पण मीटर मोठा भाबडा. त्याला काळं-पांढरं कळत नाही. जे समोर धराल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं तो गृहीत धरतो. काळी म्हैस दाखवली तरी राखाडी, बर्फ दाखवला तरी राखाडी. त्याचं ऐकून फोटो काढला तर म्हैस उजळते आणि बर्फ मळतो. सगळ्या खातेदारांना एकाच मापानं मोजणारा साहेब आम्ही नोकरीत पाहिला आहे. तसाच हा.

अ‍ॅडम्स तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेत शिकवत होता. मीटर वापरूनही विद्यार्थ्यांचे फोटो बिघडत. १९३९-४० च्या सुमारास त्यानं फ्रेड आर्चर या सहकारी शिक्षकाच्या साथीनं एक पद्धत बसवली, ‘झोन सिस्टिम’. मी आपला झोनला घर म्हणतो. पूर्ण काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत अकरा घरं. शून्य म्हणजे कागदावरचं मिट्ट काळं, दहा म्हणजे कोरा कागद. मधलं पाचवं घर राखाडी, म्हणजे मीटरचं लाडकं. एका घरातून वरच्या घरात जायचं तर उजेड दुप्पट. तिसऱ्या घरात गडद पण पोत दिसणाऱ्या वस्तू, काळी घोंगडी वगैरे. सातव्यात उजळ पण तपशील राखणाऱ्या, उन्हातलं धोतर म्हणा. मीटर उजेडाचा आकडा सांगतो. तो कुठल्या घरात बसवायचा हे फोटोग्राफरनं ठरवायचं. म्हैस तिसऱ्या घरात हवी? मग मीटरच्या सांगण्यापेक्षा दोन पायऱ्या कमी उजेड द्या. म्हैस काळी येईल आणि तिच्या अंगावरची लकाकीही दिसेल.

पत्रिका बघणाऱ्या वाचकांना हे चटकन कळेल. फरक एवढाच की इथे ग्रह घरात आपण बसवायचे. एक ग्रह बसवला की बाकीचे आपापल्या घरी जाऊन पडतात. मग ते कुठे पडले ते बघायचं. सावली नीट बसवली आणि आकाश नवव्या-दहाव्या घरात जाऊन करपलं, असं दिसलं तर त्यालाही उपाय होता. निगेटिव्ह रसायनात धुताना वेळ कमी केला की उजळ भाग खाली उतरतात, सावल्या फारशा हलत नाहीत. वेळ वाढवला तर उलट. म्हणजे सावली उजेड घेताना सांभाळायची आणि उजळ भाग धुताना. जुन्या फोटोग्राफरांना हे अनुभवानं ठाऊक होतं. अ‍ॅडम्सनं त्याला माप दिलं. उत्तम सुगरणीच्या हाताची चव वाटी-चमच्यात उतरवून काढावी, तसं. हाताची चव अशी उतरते का, हा वाद स्वयंपाकातही आहे आणि फोटोग्राफीतही. माझं मत विचाराल तर, वाटी-चमचा शिकल्यानं कुणाचा हात बिघडलेला नाही.

या विद्येची परीक्षा झाली १९४१ च्या हेमंतात. सरकारच्या गृह-भूमी खात्यासाठी राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढायचं काम त्याला मिळालं होतं. त्या दौऱ्यात तो न्यू मेक्सिकोत होता. आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि जुना मित्र सेड्रिक राइट बरोबर होते. दिवस फुकट गेला होता, मनासारखं काही मिळालं नव्हतं. संध्याकाळी सँटा फेकडे परतताना हर्नांडेझ नावाचं खेडं लागलं. रस्त्याकडेला मातीची घरं, लहानसं चर्च, दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे बर्फाची डोंगररांग आणि तिच्यावर नुकता वर आलेला चंद्र. पश्चिमेला सूर्य ढगात शिरत होता. त्याचे शेवटचे किरण त्या क्रूसांवर होते.

त्यानं गाडी रस्त्याबाहेर घातली आणि दोघांवर ओरडतच सामान काढायला लावलं. कॅमेरा उभा राहिला, भिंग लागलं, पिवळी काच लागली. सगळं आलं, मीटर सापडेना! गाडीत शोधाशोध करायला वेळ नव्हता. किरण कुठल्याही क्षणी जाणार होते.

आणि इथे त्याला एक आकडा आठवला. चंद्राची चमक, दर चौरस फुटाला २५० कँडल. आता पुढचं गणित मी बँकवाल्याच्या सवयीनं मांडतो, कागदावर करून पाहा. चंद्र सातव्या घरात बसवायचा, म्हणजे उजळ दिसेल पण नुसता पांढरा ठिपका होणार नाही. सातव्यातून पाचव्यात दोन पायऱ्या खाली. २५० चे निम्मे १२५, त्याचे निम्मे साधारण ६०. फिल्मचा वेग ६४, त्याचं वर्गमूळ आठ. त्याच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे छिद्र आठवर असेल तर वेळ सेकंदाचा साठावा भाग. पिवळी काच तिप्पट उजेड मागते, म्हणजे विसावा भाग. पण जवळची झुडपं आणि दूरचे डोंगर दोन्ही रेखीव हवेत, म्हणून छिद्र आठवरून बत्तीसवर. चार पायऱ्या, सोळापट वेळ. विसाव्या भागाच्या सोळापट म्हणजे जवळजवळ एक सेकंद.

एक सेकंद. त्यानं खटका दाबला. हाताशी दुसरी फिल्म होती. खबरदारी म्हणून आणखी एक फोटो घ्यावा म्हणून त्यानं फिल्मची चौकट उलटी केली, तेवढ्यात क्रूसांवरचं ऊन गेलं. दुसरा फोटो झालाच नाही.

हे वाचताना मला दरवेळी वाटतं, त्या आकड्यामागे किती संध्याकाळी असतील! चंद्राची चमक कुणी परीक्षेसाठी पाठ करत नाही. कधीतरी, काही हातात नसताना, केवळ कुतूहलानं मोजून ठेवलेली ती गोष्ट. दीडशे वेळा निरुपयोगी वाटलेली आणि एकदा उपयोगी पडलेली.

पण एवढ्यानं सगळं साधलं असं मात्र झालं नाही. चंद्र बरोबर बसला, गाव मात्र सावलीच्या कडेला असल्यामुळे निगेटिव्हवर फार पातळ उतरलं. काळजीपूर्वक धुऊनही ती निगेटिव्ह छपाईला अवघडच राहिली. आकाशातले ढग कागदावर दाबून काळे करायचे, खालचा भाग जपायचा, असा प्रत्येक प्रतीला हातानं खेळ. १९४८ साली त्यानं धीर करून निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायन चालवलं आणि ती थोडी घट्ट केली. एकुलती एक निगेटिव्ह, सात वर्षांनी पुन्हा रसायनात घालायची! हात कापला असेल. सुरुवातीच्या प्रतींत आकाश राखाडी आहे, ढग विरळ दिसतात. पुढच्या काळातल्या प्रतींत आकाश जवळजवळ काळं. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेलं संगीत आणि छापलेली प्रत म्हणजे ते वाजवणं, असं तो मानत असे. आपण बंदिश आणि गाणं म्हणू. बंदिश तीच, पण चाळिशीतला गवई आणि सत्तरीतला गवई तिला तेच करत नाहीत. त्या एका फोटोच्या तेराशेवर प्रती त्यानं आयुष्यात स्वतः छापल्या.

युद्ध चालू असताना डोंगरांचे फोटो काढत बसलेला माणूस, अशी टीका त्याच्यावर झाली. ती अगदीच निराधार नव्हती, पण पुरी खरीही नव्हती. १९४३-४४ मध्ये तो मँझानारला गेला. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं होतं, त्यांतली ही एक छावणी, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात. तिथल्या शिक्षिका, परिचारिका, शेतकरी, शाळकरी मुलं यांचे चेहरे त्यानं जवळून टिपले आणि १९४४ साली पुस्तक काढलं. शत्रूवंशाच्या लोकांविषयी सहानुभूती दाखवतो म्हणून तेव्हा लोक चिडले. पुढच्या पिढीला उलटं वाटलं, की हे चेहरे फार हसरे आहेत, काटेरी तारा फारशा दिसत नाहीत. दुसरी तक्रार मला पटते. ज्या हातानं आकाश काळं केलं, त्या हातानं इथे सावल्या जरा जास्तच उजळल्या. पण १९६५ साली हे सगळे फोटो त्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकले आणि त्यांची मोकळीकही दिली, म्हणून आज ते कुणालाही पाहता येतात.

शिकवणं त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. हातचं राखून ठेवणारे उस्ताद सगळ्या कलांत असतात. यानं रसायनांच्या मापापासून मनातल्या गणितापर्यंत सगळं छापून टाकलं. पैसा मात्र फार उशिरा आला. १९७५ साली त्यानं जाहीर केलं की वर्षअखेरीनंतर प्रतींची मागणी घेणार नाही. तर तीन हजारांवर मागण्या येऊन पडल्या. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ पुढची तीन वर्षं डार्करूममध्ये उभा राहून त्या पुऱ्या करत होता. १९८० साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २२ एप्रिल १९८४ रोजी, ८२ व्या वर्षी, तो गेला. पुढच्या वर्षी सिएरातल्या एका शिखराला त्याचं नाव देण्यात आलं.

एक गोष्ट राहिली. सेकंदाचे भाग मोजणारा हा माणूस तारखांच्या बाबतीत कमालीचा बेफिकीर होता. हर्नांडेझचा तो फोटो नेमका कधी काढला, हे त्याला सांगता येत नसे. १९४० पासून १९४४ पर्यंत निरनिराळी सालं त्याच्याच लेखनात आणि प्रतींवर सापडतात. अभ्यासक हैराण. शेवटी हे काम खगोलशास्त्राकडे गेलं. फोटोतल्या चंद्राची उंची, त्याची दिशा आणि कला यांवरून डेव्हिड एल्मोर या खगोल-अभ्यासकानं १९८१ साली तारीख काढली, ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारचे चार वाजून तीन मिनिटं. अ‍ॅडम्सनं ती आनंदानं स्वीकारली. तो गेल्यानंतर, १९९१ साली, डेनिस डि चिको यांनी कॅमेऱ्याची जागा पुन्हा तपासून गणित नव्यानं मांडलं. एल्मोरचा एक दिवस चुकला होता. तो फोटो १ नोव्हेंबर १९४१ रोजी, संध्याकाळी चार वाजून एकोणपन्नास मिनिटं आणि वीस सेकंदांनी घेतला गेला.